बंद खाणीची जमीन आणि पावसाचं वेळापत्रक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या सड्यांवरच्या (डोंगरमाथ्याच्या सपाट, खडकाळ पठारांवरच्या) बंद बॉक्साइट खाणी आणि हातकणंगले, करवीरकडच्या सोडून दिलेल्या दगड-मुरुमाच्या खणी, या दोन्हींची जमीन परत कामाला लावायची म्हटलं की ग्रामसभेत तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ती सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, जमीनमालक, युवक मंडळं आणि खाणीवरचे सुपरवायझर यांना धरून लिहिली आहेत. कायद्याचा भाग थोडक्यात आहे. माती आणि पाऊस यांवर जास्त लिहिलं आहे, कारण काम तिथेच फसतं.

कोल्हापुरात कोळसा नाही. मग कोळसा खाणींच्या पद्धती आम्ही कशाला वाचायच्या?

कोळसा आपल्याकडे नाही हे खरं. आपला जिल्हा बसाल्टवर बसला आहे आणि पश्चिमेच्या सड्यांवर त्याच बसाल्टचा जांभा होऊन त्यात बॉक्साइट तयार झालं. राज्यातला कोळसा गोंडवाना खडकात, म्हणजे चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठीकडे. पण खाण बंद करण्याची शिस्त आपल्याकडे सर्वात तपशिलात लिहिली गेली ती कोळशासाठी. कोळसा मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. खाण चालू असतानाच बंद करण्याचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, भरायचे (उघड्या खाणीला तेव्हा हेक्टरी ६ लाख रुपये धरले होते), जमीन टप्प्याटप्प्याने भरत यायचं आणि अंतिम बंदीच्या किमान पाच वर्षं आधी सुधारित आराखडा द्यायचा. ही चौकट घ्यायला हरकत नाही.

तिथलं वेळापत्रक आणि तिथला उपाय मात्र जसाच्या तसा उचलू नका. कोळशाच्या खाणीत वरचा थर काढून टाकलेले ढीग डोंगराएवढे असतात. बॉक्साइट उथळ असतं, त्यावरचा थर पातळ असतो, त्यामुळे खड्डाही उथळ आणि ढीगही लहान. कोळशाबरोबर गंधकाची खनिजं असतात, ती हवापाण्याने आम्ल सोडतात, शिवाय उरलेला कोळसा आतल्या आत पेट घेतो. सड्यावरून उतरणारं तांबडं पाणी बहुतेक वेळा नुसतं गाळाचं असतं. आणि पाऊस! चंद्रपूरला वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो. गगनबावड्याला पाच-सहा हजार.

नियोजनाला कधी बसायचं? एप्रिलमध्ये बैठक लावली तर चालेल का?

एप्रिलमध्ये बसलात तर एक वर्ष गेलं असं समजा. पहिली पाहणी हस्ताच्या पावसात, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला करा. तेव्हा जमीन स्वतः सगळं दाखवत असते. कुठे पाणी झिरपतंय, कुठे ढिगाचा पायथा फुगलाय, कुठे घळ पडली आहे, कुठे आपसूक गवत आलं आहे. हेच मार्चमध्ये पाहायला गेलात तर सगळीकडे सारखाच लाल फुफाटा दिसेल. पाहणीला तीन माणसं हवीतच. यंत्राची भाषा कळणारं एक, खालच्या भातखाचराचा मालक आणि तिथे रोज गुरं नेणारं कोणीतरी. तिसऱ्या माणसाला बहुधा कुणी बोलावत नाही आणि माहिती त्याच्याकडेच असते.

पूर्ण वर्ष एका दमात सांगा.

हस्त-चित्रात पाहणी आणि खुणा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शाबूत सड्यावरून गवताचं बी गोळा करणं आणि समपातळी रेषा आखणं. दिवाळीनंतर जमिनीला वाफसा आला, म्हणजे ती यंत्र घालण्याइतकी सुकली, की मातीकाम सुरू, ते फेब्रुवारीअखेरपर्यंत. यात ढिगाचे उतार, पायथ्याची दगडी भिंत, पाण्याच्या वाटा, गाळ बसायची टाकी. जानेवारी संपायच्या आत जाळरेषा, म्हणजे वणवा थोपवायला हद्दीवरचा गवत काढलेला पट्टा. मार्च-एप्रिलमध्ये झाडांचे खड्डे खणून उन्हात तापत ठेवायचे. एप्रिलच्या शेवटी ते मेच्या मध्यापर्यंत वरची माती पसरायची आणि लगेच आडव्या रेषेत नांगरट. रोहिणीत (मेअखेर) बी टाकून ठेवायचं, भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, करतात तसंच. मृगात ते उगवतं. रोपं आर्द्रात (जूनअखेर), जमीन चांगली भिजल्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये यंत्र बंद, माणसाने फक्त फिरायचं. सप्टेंबरमध्ये नांग्या भरायच्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा. मग पुन्हा हस्त.

एवढ्यातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर घाटमाथ्यावर १५ मेनंतर पोकलेन सड्यावर दिसता कामा नये. अर्धवट मोकळी केलेली माती पावसाच्या तोंडी देण्यापेक्षा ते काम न केलेलं बरं.

सगळ्या तालुक्यांना हेच वेळापत्रक?

नाही. एकाच जिल्ह्यात गगनबावडा आहे आणि पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा शिरोळही आहे. पूर्वेकडच्या दगडखाणींवर मे अखेरपर्यंत मातीकाम चालतं, रोपं जुलैच्या मध्यापर्यंत लावता येतात, आणि तिथे खरी काळजी पहिल्या उन्हाळ्यातल्या पाण्याची. पश्चिमेला उलट. तिथे रोपं पाण्याअभावी मरण्याआधी झडीत कुजून आणि माती वाहून मरतात.

चरांच्या बाबतीतही हाच फरक. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर (एकाच पातळीवर खणलेला, पाणी अडवणारा लांब चर) हा ठरलेला उपाय आहे आणि पूर्वेकडे तो चांगला चालतो. पण सड्याच्या कडेला, सैल मातीच्या ढिगावर, आठवडाभर झड लागली असताना चरात पाणी साठवून ठेवणं म्हणजे ढीग आतून भिजवून खाली बसवण्याची सोय करणं. घाटमाथ्यावर ढिगावरचे चर किंचित उतरते ठेवा, पाणी दगड बसवून पक्क्या केलेल्या वाटेने बाहेर काढा आणि खालच्या पक्क्या जमिनीत मुरू द्या. पाणी अडवलं की चांगलंच, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे की हा मुद्दा पटवायला वेळ लागतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. ट्रॅक्टर-ट्रॉली कुठून आणायच्या?

हा प्रश्न आराखडा करणाऱ्यांना सुचत नाही, कारण आराखडा ऑफिसात होतो. कारखान्यांची धुराडी पेटली की गावातली ट्रॉली उसाला लागते आणि मातीला कोण देणार! म्हणून माती वाहण्याचं काम कमीत कमी ठेवायचं. ढीग उचलून दुसरीकडे नेण्यापेक्षा आहे तिथेच ढकलून शेजारचा खड्डा भरा. ते पोकलेन आणि डोझरवर भागतं, आणि ती यंत्रं उसाला लागत नाहीत. दगडी भिंतीचं काम माणसाच्या हाताचं, ते या काळात घ्या. ट्रॉलीने आणायच्या गोष्टी, म्हणजे बाहेरची माती, शेणखत, प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), या मार्च-एप्रिलवर ढकला, गाळप आटोपल्यावर.

जमिनीला वाफसा आला हे कसं ओळखायचं?

वीतभर खालची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. फुटला तर यंत्र घाला. चपटा होऊन बसला तर थांबा. ओल्या मातीवर डंपर फिरला की खालचा थर असा दाबला जातो की पुढे त्यात मूळ उतरत नाही. ती चूक झालीच असेल तर जमीन वाळल्यावर रिपरने (यंत्रामागच्या लोखंडी दाताने) ४५ ते ६० सेंटिमीटर खोल फोडावी लागते, तीही उताराला आडवी. उभ्या रेषेत फोडली तर प्रत्येक रेषेची घळ होते.

वरची माती म्हणजे नक्की कोणती? सड्यावर तर माती दिसतच नाही.

दिसत नाही म्हणून तर ती आधी जाते. सड्यावर काही ठिकाणी ती बोटभर, काही ठिकाणी वीतभर जाडीची असते, खाचाखोचांतून साठलेली. पण त्या बोटभर थरात गवताचं बी आहे, कंद आहेत, बुरशी आहे. पावसाळ्यात सड्यावर येणारे गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू हे सगळं त्याच थराच्या जोरावर येतं. बाजारात तो मिळत नाही. चालू खाणीत तो वेगळा काढून लगेच दुसऱ्या बाजूच्या भरलेल्या खड्ड्यावर पसरणं सर्वात उत्तम. साठवायचाच असेल तर ढीग दोन मीटरपेक्षा उंच करू नका, वर ताग पेरा आणि एक-दोन हंगामांत वापरून टाका. दहा वर्षं पडून राहिलेला ढीग ही नुसती लाल पूड असते. तिला माती समजून पसरलं तर गवत येणार नाही, आणि मग दोष बियाण्याला दिला जातो.

जुन्या खाणीत वरची माती उरलेलीच नसते. तिथे सगळीकडे पातळ पसरण्याचा हट्ट सोडा. चांगली माती मिळेल तेवढी पट्ट्यांत किंवा वाफ्यांत टाका. त्या बेटांवर गवत धरलं की ते हळूहळू बाहेर पसरतं.

ढिगाचा उतार किती ठेवायचा?

खाणींच्या पर्यावरण मंजुरीत सहसा ढिगाचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नको अशी अट असते. साध्या हिशेबात, एक फूट चढाला जवळजवळ दोन फूट आडवं. हा आकडा ढीग कोसळू नये म्हणून आहे. गवत टिकायचं असेल तर एकाला तीन बरा. जागा नसेल तर पायऱ्या पाडा आणि प्रत्येक पायरी आतल्या बाजूला किंचित झुकती ठेवा, म्हणजे पाणी तोंडावरून उड्या मारत जाणार नाही. पायथ्याची भिंत अनगड दगडाची, बिनचुन्याची असू द्या. सिमेंटची भिंत पाणी अडवते आणि मग एकदम जाते.

वळवाचा पाऊस आला तर केलेलं काम वाहून जाणार नाही का?

थोडं जाईल, आणि त्याचा उपयोग करून घ्या. मेमधला वळीव तासभर झोडपतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडतं. त्या सकाळी हातात चुन्याची पिशवी घेऊन ढिगावर जा. बोटभर रुंदीची जिथे जिथे रेघ पडली असेल तिथे चुना टाका. रेघ वर कुठे सुरू झाली ते शोधा. बहुधा एखाद्या चाकाच्या खुणेतून, नाहीतर पायरीच्या कडेला राहिलेल्या खोलगट जागेतून ती निघालेली असते. तिचं तोंड दगडाने आणि पाचटाने (उसाच्या वाळक्या पाल्याने) बंद करा. जूनमध्ये ह्याच रेघा हातभर होतात आणि ऑगस्टमध्ये माणूस उभा राहील एवढ्या. वळवानंतरची ती एक सकाळ नंतरच्या पोकलेनच्या भाड्यापेक्षा फार स्वस्त पडते.

मृगात झाडं लावायची ना?

आधी गवत. झाडं मागाहून, आणि सगळीकडे नाहीत.

याला दोन कारणं. पहिलं, उघड्या उतारावर जुलैचा पाऊस थोपवायची ताकद दीड फुटाच्या रोपात नसते. ती गवताच्या मुळांच्या जाळ्यात असते, आणि ते जाळं चार-सहा आठवड्यांत तयार होतं. दुसरं कारण आपल्या भागापुरतं आहे. सड्यावर मुळात जंगल नव्हतंच. तिथे आखूड गवत, पावसाळी फुलं, कडेला कारवी आणि अंजनीची खुरटी झाडं, असंच होतं. गव्यांना आणि गुरांना लागतं तेही गवतच. राधानगरी अभयारण्य आणि चांदोली हे पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून आहेत. त्यांच्या शेजारी सड्यावर निलगिरीचं बन उभं करणं कुठल्याच अर्थाने जमीन पूर्ववत करणं नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही ८ जानेवारी २०२० च्या आदेशात खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत लावण्याची अट खाणपट्ट्यात घालायला सांगितलं, चारा आणि वन्यजीव यांचा विचार करून. तेव्हा वृक्षारोपणाचा आकडा मागणाऱ्या साहेबांना हा आदेश दाखवा.

मग झाडं कुठे लावायची आणि कोणती?

खड्ड्याच्या उतारांवर, रस्त्याच्या कडेला, ढिगाच्या पायथ्याशी जिथे माती खोल आहे तिथे. जांभूळ, हिरडा, ऐन, करंज, शिवण, आवळा, ओढ्याकडेला उंबर आणि माणगा बांबू. हिरड्याला घाटमाथ्यावर गिऱ्हाईक आहे, त्यामुळे गावाचं लक्ष राहतं. ऑस्ट्रेलियन बाभूळ टाळा. दोन वर्षांत फोटोपुरतं हिरवं दिसतं हे खरं, पण तिच्याखाली गवत धरत नाही आणि गुरं पाल्याला तोंड लावत नाहीत.

पूर्वेकडच्या खणींभोवती मारवेल आणि स्टायलो पेरून वैरणीचा माळ करणं सोपं जातं. तिथे जनावरांची गरजही मोठी आहे, दूध संघांच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ लागणाऱ्या रांगा बघा.

गवताचं बी कुठे विकत मिळेल?

चाऱ्याच्या सुधारित जातींचं मिळतं. सड्यावरच्या गवतांचं मिळत नाही. ते गोळा करावं लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओंब्या पिवळ्या पडून हाताने ओढल्यावर सुटायला लागल्या की कापायच्या, सावलीत वाळवायच्या, पोत्यात भरून कोरड्या जागी टांगायच्या. ताजं बी लगेच नीट उगवत नाही, चार-सहा महिने विश्रांती मिळाली की उगवण सुधारते, त्यामुळे मेपर्यंतचा काळ वाया जात नाही. एकाच जागेचं सगळं बी ओरबाडू नका. टाकताना बी, शेण आणि चाळलेली माती कालवून टाका, नाहीतर वाऱ्याने कुसळं एका कोपऱ्यात जमतात.

रोपं आर्द्रात लावायची म्हणता, पण तेव्हा सगळं गाव रोपलावणीत असतं.

म्हणूनच झाडांची संख्या कमी ठेवायला सांगतो. भाताची लावण सुरू झाली की मजूर हजार रुपये दिले तरी डोंगरावर येणार नाही, आणि का यावं? रोपलावणीच्या आधीचे आठ-दहा दिवस हाती असतात. त्यात जेवढी रोपं नीट लागतील तेवढीच आणा. खड्डे उन्हाळ्यात तयार असले की लावणं वेगात होतं. उरलेल्या जागेवर जांभूळ, करंज, बहावा यांचं बी थेट टोकून द्या. शाळांचे कार्यक्रम जुलैच्या शेवटी असतात. त्यांच्यासाठी पायथ्याची सपाट जागा राखून ठेवा. उतारावर मुलांना नेऊ नका.

जुलै-ऑगस्टमध्ये काहीच काम नाही?

यंत्राचं नाही. पायांचं आहे. दर मोठ्या पावसानंतर उघडीप मिळाली की पाण्याच्या वाटा बघायच्या, अडकलेला पालापाचोळा काढायचा, गाळाच्या टाकीची पातळी बघायची. टाकी निम्म्यावर भरली असेल तर पुढच्या झडीत ती गाळ खाली सोडणार. खाली कुणाचं तरी भातखाचर असतं, आणि लाल गाळ एकदा खाचरात बसला की तो काढायचा वाद तलाठ्यापर्यंत जातो. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली आहे अशी बातमी आली की वर सड्यावर काय चाललं असेल याचा अंदाज येतोच. त्या दिवसांत ढिगाच्या खाली उभं राहून पाहणी करू नये. लांबून फोटो काढा, पाऊस थांबल्यावर जा.

माती सुधारायला काय घालायचं?

माती परीक्षण करून घ्या. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात विचारा. जांभ्याची माती साधारणपणे आम्लधर्मी असते, आणि तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे वरून सुपर फॉस्फेट टाकलं तरी पिकाच्या हाती फारसं लागत नाही. आम्ल जमिनीत रॉक फॉस्फेट बरं काम करतं, आणि ते शेणखतात मुरवून टाकलं तर अजून चांगलं.

आपल्या जिल्ह्याला एक सोय आहे जी चंद्रपूरला नाही, ती म्हणजे साखर कारखान्यांचं प्रेसमड. त्यात सेंद्रिय पदार्थ, कॅल्शियम, स्फुरद सगळं असतं. मात्र कारखान्यातून आलेलं ताजं प्रेसमड गरम असतं आणि मुळं जाळतं. ते उन्हाळ्यात कुजवून, पुढच्या वर्षी वापरा. आणि सड्यावरच्या मूळच्या फुलांच्या पट्ट्यात काहीच घालू नका. ती वनस्पती भुकेल्या जमिनीतच जगते. खत पडलं की तण माजतं आणि तिला गाडून टाकतं.

पाचट वापरता येईल?

जरूर. शेतात पेटवून देण्यापेक्षा कितीतरी बरं. आडव्या ओळींत अंथरा, वर दगड ठेवा. उन्हाळ्यात मात्र ते ढिगावर साठवू नका, वणव्याला आमंत्रण होतं.

खणीत पाणी साठलंय. भरून टाकायची की तळं ठेवायचं?

दगडाच्या खोल खणी भरायला एवढं डबर आणायचं कुठून? बहुतेक ठिकाणी तळं ठेवणंच शहाणपणाचं. कोल्हापूरला हे नवीन नाही. रंकाळाही मुळात दगडाची खण होती असं सांगतात, आणि इराणी खणीत दरवर्षी गणपती विसर्जन होतं. पण पाणी ठेवायचं तर आधी जीव वाचवायची सोय. सरळ तुटलेल्या कड्याखाली वीस-तीस फूट पाणी, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं पोहायला. याचा शेवट काय होतो ते दरवर्षी पेपरात येतं. किमान एका बाजूने बाहेर चढून येता येईल असा उतार फोडा, बाकीच्या कडांना दगडी कठडा आणि त्यामागे काटेरी कुंपण. हे काम एप्रिलमध्ये, पाणी खाली गेल्यावर. आणि कचरा टाकू नका. बसाल्टच्या भेगांतून ते पाणी कुणाच्या विहिरीत निघेल सांगता येत नाही.

सड्यावरच्या उथळ खड्ड्यांचं गणित निराळं. जांभ्याखाली चिकणमातीचा थर असतो, पाणी त्यावर अडतं आणि डोंगराच्या कुशीत झरा म्हणून बाहेर येतं. वाडीचं पिण्याचं पाणी तेच. म्हणून खड्ड्याचा तळ खरवडून तो थर फोडू नका. झऱ्यावर दर महिन्याला दहा लिटरची बादली किती वेळात भरते ते वहीत लिहा, खासकरून फेब्रुवारी ते मे. दोन वर्षांची ती वही कुठल्याही अहवालापेक्षा जास्त कामाला येते.

गुरं, गवे आणि वणवा यांचं काय?

पहिली दोन-तीन वर्षं चराईबंदी लागतेच. नुसता फलक लावून ती पाळली जात नाही. त्या बदल्यात नोव्हेंबरमध्ये, बी गळून गेल्यावर, गवत कापून न्यायची मुभा द्या आणि घरटी वाटे ठरवा. वैरण मिळतेय म्हटल्यावर राखण गावच करतं.

गवे कुंपणाला मोजत नाहीत. चंदगड-आजऱ्याकडे तर हत्तीही येतात. तिथे बांबू आणि केळीसारखी त्यांना आवडणारी लागवड वस्तीजवळ नको, एवढंच.

वणवा हा मोठा शत्रू. "पुढच्या साली गवत जोमात येतं" म्हणून काडी लावणारे प्रत्येक गावात असतात. जानेवारी संपायच्या आत हद्दीभोवती जाळरेषा काढून घ्या, आणि शिमग्याच्या आसपास राखणीला माणूस ठेवा. तीन वर्षांचं काम एका दुपारी जातं.

पैसे कोणी द्यायचे? ग्रामपंचायतीने का?

चालू किंवा नुकत्याच संपलेल्या बॉक्साइट पट्ट्यात ती जबाबदारी पट्टेदाराची, म्हणजे खाणपट्टा घेणाऱ्याची. २०१७ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांप्रमाणे खाण बंद करण्याच्या दोन वर्षं आधी अंतिम बंदी आराखडा भारतीय खाण ब्युरोकडे मंजुरीला द्यावा लागतो, आणि आर्थिक हमी ठेवावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती अ वर्गाच्या (मोठ्या, यंत्रांवर चालणाऱ्या) खाणीला हेक्टरी ५ लाख आणि ब वर्गाला (बाकीच्या खाणींना) ३ लाख आहे. आराखडा वेळेत दिला नाही तर हमी जप्त होऊ शकते. मंजूर आराखड्याची प्रत माहिती अधिकारात मागा आणि त्यातल्या कामांचे महिने आधी बघा. वृक्षारोपण ऑगस्टमध्ये आणि मातीकाम जूनमध्ये लिहिलेलं असेल तर लेखी हरकत घ्या.

दगड, मुरूम ही गौण खनिजं. त्यांचा कारभार राज्याच्या २०१३ च्या नियमांनी आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतो. मालक परागंदा झालेल्या जुन्या खणींसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे, म्हणजे खाणपट्टेदारांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या जिल्ह्याच्या निधीकडे, प्रस्ताव द्या. पाणी आणि पर्यावरण ही त्या निधीची अग्रक्रमाची कामं आहेत. पट्टेदार हयात आणि सधन असताना त्याचं काम या निधीतून करून देऊ नका.

वनजमीन असेल तर वन विभागाला विचारल्याशिवाय कुदळही मारायची नाही.

सपाटीकरण करताना निघालेला मुरूम विकून खर्च भागवला तर?

हा प्रश्न नेहमी हळू आवाजात विचारला जातो. परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) याशिवाय उचललेला मुरूम बेकायदा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. आणि एकदा ट्रॉल्या सुरू झाल्या की सपाटीकरण संपतच नाही. तिथे दुसरी खाण सुरू होते.

काम झालं असं कधी म्हणायचं?

तीन पावसाळे बघितल्याशिवाय म्हणू नका. पहिल्या वर्षी सगळंच हिरवं दिसतं. दुसऱ्या वर्षी नांग्या दिसतात. तिसऱ्या हस्तात गाळाच्या टाकीत आलेलं पाणी शेजारच्या शाबूत ओढ्याइतकं निवळ असेल, पेरलेलं नव्हतं असं एखादं गवत आपसूक आलं असेल, तर यंत्रणा काढून घ्यायला हरकत नाही.

पोरं म्हणतात, भरलेल्या जागेवर क्रिकेटचं मैदान करा.

ताजी भराई दोन-तीन पावसांत खाली बसते, कुठे कमी कुठे जास्त, त्यामुळे आत्ताच पिच टाकलं तर पुढच्या वर्षी त्यात डबकं होईल. सड्यावर नकोच. पूर्वेकडच्या उथळ खणीत चालेल, पण भराई थरांनी, प्रत्येक थर दाबून करायला हवी आणि कडा कुंपणाने बंद हव्यात. मैदानाची जागा आणि गवताची जागा आराखड्यात सुरुवातीलाच वेगळी दाखवा, कारण एकीकडे माती दाबायची असते आणि दुसरीकडे मोकळी सोडायची असते, आणि पोकलेनवाल्याला ते त्याच दिवशी सांगावं लागतं.